कंसातला गूळ

दिवाळी अंक हाती घेऊन ऐसपैस बसलेल्या वाचकापुढे कायद्याचे एक कलम ठेवायचे, म्हणजे फराळाच्या ताटात चिराइताच्या काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. पण या कलमात साखर आहे, आणि साखरेच्या शेजारी कंसात गूळही आहे. तेवढ्या भांडवलावर हे धाडस करतो.

स्वातंत्र्याला वर्षही पुरे झाले नव्हते, तेव्हा एप्रिल १९४८ मध्ये राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. कामगार आपल्या पगारातून थोडे देतो, मालक त्याहून अधिक देतो, त्यातून निधी उभा राहतो. कामगार आजारी पडला की त्याला औषधोपचार मिळतात आणि बुडालेल्या पगाराचा काही भागही मिळतो. गिरणगावात याला सरळ ‘ई.एस.आय.’ म्हणत. हा कायदा प्रथम लागू व्हायचा तो सगळ्या कारखान्यांना, मात्र हंगामी कारखाने वगळून. आता हंगामी म्हणजे कोणते? तर केवळ पुढील कामे करणारे: कापसाची सरकी काढणे, कापसाच्या वा तागाच्या गाठी बांधणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, आणि कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर (गुळासह) किंवा चहा तयार करणे.

या यादीवर मी बराच वेळ थबकलो. नीळ आता कोण करतो? पण साखर आणि गूळ! आमच्या नातेपुत्याच्या आसपासची निम्मी जिंदगी या दोन शब्दांत आली, आणि आली ती वगळण्याच्या रकान्यात.

नातेपुते ज्यांनी पाहिले आहे त्यांनी बहुधा वारीच्या वाटेवर पाहिलेले असते. ज्ञानोबांची पालखी फलटण, बरड करीत सोलापूर जिल्ह्यात उतरते, धर्मपुरीला जिल्ह्याचे स्वागत घेते आणि पहिला मुक्काम आमच्या गावी करते. एक रात्र गावाची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढते. दुसऱ्या दिवशी दिंड्या माळशिरसच्या वाटेला लागतात आणि मागे पत्रावळी, चिखल आणि थोडीशी हुरहूर उरते. एरवीचे गाव बाजारपेठेचे. मूळ मुलूख कमी पावसाचा, ज्वारी-बाजरीचा. भाटघरच्या धरणाचे पाणी नीरेच्या उजव्या कालव्याने माळशिरस तालुक्यात आले आणि माळरानाचा रंग पालटला. १९३२ साली सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला तो याच तालुक्यात, माळीनगरला. पुढे अकलूजला शंकरराव मोहिते-पाटलांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. सदाशिवनगरचा शंकर कारखाना तर आमच्या शिवेपासून हाकेच्या अंतरावर. कालव्याच्या पाण्याने बागायतदार घडवला, कारखान्याचा कामगार घडवला, आणि या दोघांच्या खाली ऊस तोडणारा मजूरही आणून बसवला. आजारपणाचा विमा या तिघांपैकी कोणाला, कधी आणि कसा मिळाला, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सुरुवात मात्र कारखान्याच्या भोंग्याच्याही आधीपासून करायला हवी. ‘विमा’ हा शब्द गावात आला तो उशिरा. वस्तू अगदीच अनोळखी नव्हती. सुगीच्या दिवसांत खळ्यावर रास पडली की बलुतेदार येत. सुताराने वर्षात किती फाळ भरले, न्हाव्याने किती वेळा वस्तरा चालवला, याचा हिशेब कोणी मांडीत नसे. घरागणिक ठरलेले धान्य द्यायचे आणि वर्षभर लागेल तेव्हा हाक मारायची. न्हावी नुसती हजामत करीत नसे. तो तुंबड्या लावी, गळू फोडी. सुईणीलाही लुगडे-चोळी आणि धान्य ठरलेले असे. पैसे आधी द्यायचे, दुखणे येईल तेव्हा येईल. ज्याच्या घरी ते आले नाही त्याच्या धान्यावर ज्याच्या घरी आले त्याचे निभले. विम्याची सारी मूळ कल्पना याहून फारशी वेगळी नाही.

तरी बलुत्याचे गोडवे गाण्याचा मोह मी आवरतो. हे धान्य हक्काचे आहे असे पोथीत लिहिलेले असले, तरी खळ्यावर ते कसे पदरात पडे हे ज्याला पदर पसरावा लागे त्यालाच ठाऊक. महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो दीर्घ लढा दिला तो उगाच नव्हे. चार पायली ज्वारीच्या बदल्यात अहोरात्र राबवून घेणारी ती व्यवस्था होती. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. आणि योगायोग असा, की नव्या पद्धतीच्या विम्याचा पाया आपल्या देशात घातला गेला तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते ते आंबेडकरच.

तिथे जाण्यापूर्वी जर्मनीचा एक फेरा घालून येऊ. १५ जून १८८३ रोजी बिस्मार्कने कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. बिस्मार्क काही संत नव्हता. समाजवाद्यांच्या सभांवर त्याने बंदी घातली होती आणि कामगाराला आपल्या बाजूस वळवण्यासाठी त्याला काहीतरी देणे भाग होते. वर्गणीचे दोन वाटे कामगाराचे, एक वाटा मालकाचा. बदल्यात औषध, डॉक्टर, आणि तेरा आठवड्यांपर्यंत निम्मी मजुरी. या पहिल्या कायद्याने शेतमजुरांना सक्तीच्या विम्यात घेतले नव्हते. शिस्तीच्या त्या देशातही कारखान्याच्या फाटकापासून शेताच्या बांधापर्यंत पोहोचायला १९११ उजाडावे लागले, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे. त्याच १९११ साली इंग्लंडमध्ये लॉइड जॉर्जने आपला विमा आणला: कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. चार देऊन नऊ घ्या, असा त्याचा प्रचार होता. आमच्या बाजारात असा दर ऐकला असता तर लोकांनी आधी माप तपासले असते.

हिंदुस्थानपुढे हा प्रश्न आला तो १९२७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने. आजारपणाच्या विम्याचा तो करार स्वीकारायचा का? सरकारने नकार दिला. कारणे ऐकण्यासारखी आहेत: इथला कामगार स्थलांतर करणारा, आज गिरणीत तर उद्या गावी, पगारातून कपात त्याला खपणार नाही, आणि पुरेसे डॉक्टर आहेत कुठे? १९३१ मध्ये व्हिटले आयोगाने तरी काही सुरुवात करा म्हणून सुचवले. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या चौकशी समितीनेही पुढे तेच म्हटले. कागद फिरत राहिले.

मग १९४३ साल आले. महायुद्ध ऐन रंगात, इंग्लंडमध्ये बेव्हरिज साहेबांच्या अहवालाची धूम, आणि इकडे दोन कामे एकाच वर्षी निघाली. मार्चमध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कारखान्यातील कामगारांच्या आरोग्य-विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले, आणि ऑक्टोबरमध्ये सर जोसेफ भोर यांची समिती सगळ्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करायला बसली. आडारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या बरोबर तीन वर्षे आधी, आपला अहवाल दिला. त्यांना पुढे ‘छोटे बेव्हरिज’ म्हणत. त्यांची योजना कापड, अभियांत्रिकी, आणि खनिज व धातू अशा उद्योगांपुरती होती. भोर समितीचा अहवाल १९४६ चा. पैसे नाहीत म्हणून कोणी औषधावाचून राहू नये हे तिचे सूत्र, आणि त्यासाठी सरकारी खर्चाने गावोगाव आरोग्यकेंद्रांचे जाळे हा तिचा मार्ग.

म्हणजे गिरणीतल्या माणसाला विमा, आणि शेतातल्या माणसाला सरकारी दवाखाना, अशी ती विभागणी झाली. कागदावर ती वाईट नव्हती. पण विमा कायद्याने दिलेला हक्क होता, त्याचा निधी वेगळा, त्याचे हिशेब वेगळे. दवाखान्याला मात्र दरवर्षी अंदाजपत्रकाच्या दारात उभे राहायचे होते. हक्काच्या ताटाची आणि उरल्यासुरल्याची तुलना आमच्याकडील कोणतीही एकत्र कुटुंबात नांदलेली बाई नेमकी सांगेल.

राज्य कामगार विम्याचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते झाला. त्याच दिवशी दिल्लीतही. आपल्याकडे तो १९५४ च्या जुलैमध्ये नागपूरला आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईला आला. पुढे सोलापूरच्या गिरण्यांपर्यंतही पोहोचला. तेव्हा महिना ४०० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येत. वाढत वाढत ही मर्यादा २०१७ मध्ये २१,००० रुपयांवर आली. या योजनेच्या दवाखान्यांतल्या रांगांवर, ‘विम्याच्या गोळ्यां’वर गिरणगावात पुष्कळ विनोद झाले आणि काही रास्तही होते. पण एका गोष्टीवर विनोद झालेला माझ्या ऐकिवात नाही, ती म्हणजे आजारपणाचा पगार. वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी, बाळंतिणीला आता २६ आठवड्यांची भरपगारी रजा. अंथरुणात पडलेल्या माणसाची चूल पेटती राहते, हे या कायद्याचे खरे मर्म. औषध ही त्याची अर्धीच बाजू.

आणि या मर्मातूनच आमचा तालुका वगळला गेला होता.

का वगळला, याचे उत्तर सोपे दिसते. साखर कारखान्याचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि शिमग्याच्या मागेपुढे संपते. वर्षभर सलग वर्गणी येणार कशी? मी हे उत्तर बरीच वर्षे खरे मानीत आलो होतो; अनेक जण मानतात. मग त्या कायद्याचेच नियम वाचले. वर्गणीचे दोन सहामाही काळ तिथे नेमून दिले होते: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. एका सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरली की पुढच्या ठरलेल्या सहामाहीत आजारपणाचा पगार मिळण्याचा हक्क. ऑक्टोबर ते मार्च! पंचांगातून मुहूर्त काढून साखरेसाठीच आखावा असा हा काळ. आणि ७८ दिवस तर गळीत हंगामात सहज भरतात. हंगाम हा विम्याच्या आड येणारा डोंगर होता असे मला आता वाटत नाही. तो ओलांडून जाण्याची निकड कोणाला वाटली नाही, एवढेच म्हणता येईल. हंगामी मजुराची संघटना नव्हती, त्याच्या संपाने मुंबई बंद पडत नव्हती.

हंगामावरच विमा बसवता येतो याचा पुरावा शोधायला फार लांब जायचे म्हटले तर जपानात जाता येईल. तिकडे फुकुओका भागातील मुनाकाता येथे गावकरी आपापल्या ऐपतीप्रमाणे तांदूळ काढून गावच्या डॉक्टरला पोसत. या रिवाजाला ‘जोरेई’ म्हणत. १९३८ साली जपान सरकारने शेतकऱ्यांसाठी आरोग्य-विम्याचा कायदा केला तेव्हा हा गावठी रिवाज त्यांच्या अभ्यासात होता. १९६१ पर्यंत त्या देशातला प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या विम्यात आला होता. पण इतके लांब जायची गरजच नाही. आपल्याच राज्यात, वर्ध्याजवळ सेवाग्रामला, हे ज्वारीवर करून दाखवलेले आहे.

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय डॉ. सुशीला नय्यर यांच्या हातून उभे राहिले. गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ साली त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खेड्यात निघालेले देशातले पहिले. तिथल्या डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास नागापूरसारख्या आसपासच्या खेड्यांत एक प्रयोग मांडला. विम्याचा हप्ता रोखीत घ्यायचा नाही, ज्वारीत घ्यायचा. आणि घ्यायचा तो सुगीवर, घरात दाणे असतील तेव्हा. भूमिहीनाने थोडे द्यायचे, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने अधिक; दुखणे आल्यावर मात्र दोघांना सारखेच. ज्वारी विकून गावाचा आरोग्यनिधी करायचा; त्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचा आणि औषधांचा खर्च चालायचा, आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर सवलत मिळायची.

यात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती त्यांची एक अट: गावातली किमान ७५ टक्के घरे सामील झाली तरच योजना त्या गावात येईल. जाणत्या विमेवाल्यांना या अटीमागची मेख लगेच कळेल. विमा खुला ठेवला तर आधी येतात ती आजारी माणसे, आणि धडधाकट म्हणतात, ‘आम्हाला काय धाड भरलीय?’ मग निधी आटतो. पण या अटीने आणखी एक काम केले. विमा हा घराघराचा न राहता गावाचा झाला. पाटलाला मजुराच्या वस्तीत जाऊन ‘तुझी ज्वारी आली का?’ म्हणून विचारावे लागले; त्याच्याशिवाय पाटलाचाही विमा उतरत नव्हता. बलुत्याच्या खळ्यावर जो पदर पसरून उभा असे, तो या खळ्यावर बरोबरीने माप ओतणारा झाला. धान्य तेच, सुगी तीच. पण जुन्या चालीला नवा न्याय लावलेला.

आम्ही सोलापूरकर ज्वारीच्या बाबतीत स्वतःला शहाणे समजतो. मंगळवेढ्याच्या मालदांडीचे नाव घेतल्यावाचून आमची जेवणावरची चर्चा पुरी होत नाही. तरी ही कल्पना सुचली ती वर्ध्याकडे, हे मान्य करून मी पुढे जातो.

धान्य नसेल तिथे काय? तिथे ओझे आहे. मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडींना एक मालक कधीच नसतो. सकाळी एकाची गोणी, दुपारी दुसऱ्याची. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती अशी: व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक आकार थेट मंडळाकडे भरायचा, मंडळ मजुराला मजुरी देणार आणि आकारातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार पाहणार. मालक रोज बदलो, मंडळ बदलत नाही. ज्या माणसाला कायमचा मालक नाही त्याला सामाजिक सुरक्षा देता येत नाही, हे म्हणणे त्या दिवशी निकालात निघाले. नंतरही ते पुष्कळांनी म्हटले, तो भाग वेगळा.

आमच्या जिल्ह्याच्या पलीकडे शीव ओलांडली की कर्नाटक. तिथे सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी ‘यशस्विनी’ नावाची योजना २००३ च्या जूनमध्ये सुरू झाली. माणशी महिना ५ रुपये, आणि त्यात मोठ्या शस्त्रक्रिया. पैसे गोळा करणारी यंत्रणा नवी उभारायला लागली नाही. गावची सोसायटी होतीच. पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख माणसे सामील झाली. २०१८ मध्ये ती योजना थांबवून सरकारी योजनेत मिसळली गेली आणि पुढे काही वर्षांनी पुन्हा सुरू करावी लागली. सहकार म्हटला की महाराष्ट्राने छाती पुढे काढायची सवय आहे. पण ही गोष्ट शेजाऱ्याने केली आणि आम्ही ती रेडिओवर ऐकली.

आमच्याकडे गाडी वेगळ्या रुळावरून गेली. १९९७ ची जीवनदायी योजना होती. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्या मोठ्या दुखण्यांसाठी दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी मदत. २००३ मध्ये केंद्राने दिवसाला एक रुपया अशी विम्याची योजना काढली, माणशी वर्षाला ३६५ रुपये. रुपया रोज ऐकायला किती हलका! पण ३६५ रुपये एकरकमी काढून देणे मजुराला किती जड असते हे योजना आखणाऱ्यांनी सुगी आणि आषाढ यांच्यातला फरक न पाहिल्यामुळे त्यांच्या ध्यानी आले नसावे. ती चालली नाही. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेत नोंदणीला ३० रुपये आणि पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रुग्णालयाचा खर्च.

आणि मग २ जुलै २०१२. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली: गडचिरोली, अमरावती, नांदेड, धुळे, रायगड, मुंबईचे दोन्ही जिल्हे, आणि सोलापूर. एकदा तरी आमचे नाव वगळण्याच्या रकान्यातून निघून पहिल्या यादीत आले! पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड एवढीच ओळख. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, ९७२ प्रकारच्या शस्त्रक्रिया आणि उपचार. कुटुंबामागे ३३३ रुपयांचा हप्ता विमा कंपनीला सरकारनेच भरायचा. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ म्हणून टेबल टाकून बसलेला माणूस कागद पाहायचा. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव मिळाले, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, पुढे दोन्ही जोडल्या गेल्या. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले.

या योजनेला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. हृदयाच्या झडपेसाठी पूर्वी माणसे दोन एकर गहाण टाकीत. ती जमीन पुन्हा सुटल्याचे मी क्वचितच पाहिले. धनत्रयोदशीला घरात धनाची पूजा होते आणि त्याच दिवशी वैद्यमंडळी धन्वंतरीची पूजा करतात. एकाच तिथीला दोन्ही का, हे ज्याने इस्पितळाचे बिल भरले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. ज्यांची जमीन या योजनेमुळे वाचली त्यांच्या दृष्टीने बाकी चर्चा फोल आहे.

तरीही चर्चा करायची तर ती अशी. ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर उभी राहते. ताप, खोकला, मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाब, गुडघे, तपासण्या, या रोजच्या खर्चाला तिच्यात जागा नाही. आणि घर हळूहळू पोखरले जाते ते याच खर्चाने. दुसरे, मोठ्या उपचाराला नातेपुत्याहून निघायचे ते अकलूजला, पंढरपूरला, नाहीतर सव्वाशे किलोमीटरांपलीकडे सोलापूरला; जाण्यायेण्याचा, सोबतच्या माणसाच्या खाण्याचा खर्च ज्याचा त्याने. आणि तिसरे, मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते: बुडालेली मजुरी. गिरणीच्या कामगाराला १९५४ सालीच जो आजारपणाचा पगार मिळू लागला, त्याचा या योजनेत मागमूस नाही. उपचाराचा विमा खेड्यात आला. चुलीचा विमा गिरणीतच राहिला, आणि गिरण्या तर बंद पडल्या.

बुडालेली मजुरी म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या कोपीत जाऊन पाहावे. बीड, नगर आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने. मुकादमाकडून आधीच ‘उचल’ घेतलेली, ती हंगामभर तोडून फेडायची. एक दिवस आजारी पडून घरी राहिले तर तो ‘खाडा’. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर खाड्याचा दंड. म्हणजे जिथे विम्याने आजाऱ्याला पैसे द्यायला हवेत तिथे आजारीच पैसे देतो! या हिशेबाचा शेवट कुठे गेला ते २०१९ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्याची कारणे अनेक सांगितली जातात आणि त्यांत नफेखोर डॉक्टरांचाही वाटा आहे. परंतु पाळीच्या त्रासासाठी महिन्याचे दोन दिवस पडून राहण्याची मुभा ज्या बाईला नव्हती, तिला ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल’ हा सल्ला का पटला, याचे उत्तर खाड्याच्या वहीतही आहे. सणासुदीच्या अंकात हे लिहावे की नाही असा विचार मनात आला होता. पण ज्या साखरेच्या करंज्या आपण खातो तिचा ऊस या हातांनी तोडलेला असतो.

आता कपातीचा मुद्दा. १९२७ साली म्हटले गेले की इथल्या मजुराला पगारातून कपात खपणार नाही, आणि हंगामी माणसाकडून वर्गणी गोळा कशी करायची हा प्रश्न तर आजही विचारला जातो. मुकादम करतो ना! उचलीचा पैसा तो कोयत्यामागे दर टनाला वळता करून घेतो, आणि त्यात एक दिवसाची चूक होत नाही. तिकडे शेतकऱ्याच्या ऊसबिलाची पावती पाहा. ठेवी, वर्गण्या, नाना प्रकारचे निधी त्याच्या टनामागून कापले जातात. कोणी विरोध केला तर सर्वसाधारण सभेत थोडा गोंधळ होतो आणि चहा येतो. कारखान्याच्या वजनकाट्यावरून गेलेला एकही टन हिशेबाबाहेर राहत नाही. सेवाग्रामच्या खळ्यावर ज्वारीचे माप होते, आमच्याकडे काटा आहे, एवढाच फरक.

सरकारलाही हे अखेर सुचले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे कल्याणकारी महामंडळ झाले, आणि त्याच्या निधीसाठी कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये द्यावेत, सरकारने तेवढीच भर घालावी असे ठरले. तत्त्व तेच: साखरेने साखरेच्या माणसाचे पाहावे. या पैशातून वसतिगृहे, नोंदणी, ओळखपत्रे अशी कामे सांगितलेली आहेत. आजारपणाचा पगार त्यात अजून नाही. कोयत्यावरच्या बाईने दोन दिवस कोपीत पडून राहायचे ठरवले तर खाड्याची रक्कम या निधीने भरावी, असे मला वाटते. आणि ती मुकादमाच्या हाती न देता थेट तिच्या खात्यात जावी. बँकेचे खाते तिच्याकडे असते, निधी टनावर मोजलेला असतो, दिवस मोजायला खाड्याची वही असतेच.

मूळ कायद्याचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९४८ चा कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. सामाजिक सुरक्षेची नवी संहिता २०२० साली संसदेने संमत केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. दहा वा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना तिच्यातला विमा लागू आहे, मात्र हंगामी कारखाना वगळून. त्याची व्याख्या मी उत्सुकतेने उघडून पाहिली. सरकी आहे, ताग आहे, भुईमूग आहे, नीळसुद्धा आहे. साखर तिच्या जागी आहे, आणि कंसात गूळ.